पायलीवर घडवलेली टोपी

मानवतच्या बाजारात मे महिन्याच्या दुपारी काळा कोट, मखमली जाकीट आणि डोक्यावर वीतभर उंच काळी टोपी घातलेला माणूस दिसला, तर तो एक तर वेडा असणार किंवा माझा घरमालक. मी त्या गावात होते तेवढ्या वर्षांत वेडा काही मला दिसला नाही.

गाव त्यांना लाटसाहेब म्हणायचं. खरं नाव होतं, पण ते लाइटबिलापुरतं. कृषी खात्यातली माझी बदली मानवतला झाली आणि मी खोली शोधत त्यांच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. खाली शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान, वर त्यांचं घर, आणि गच्चीला लागून एक रिकामी खोली. एक गृहस्थ पायमशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा, आणि त्याच्या काचांभोवती स्टोच्या बर्नरची पितळी कडी बसवलेली. खोलीचं विचारलं तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, मटण खाते का विचारलं नाही, लग्न कधी करणार हेसुद्धा विचारलं नाही. घरमालकाला हे शोभत नाही, म्हणून मी जरा सावधच झाले.

"मॅडम, एक सांगा," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले. "समजा, वीज आलीच न्हाई. पेट्रोल निघालंच न्हाई. सगळी दुनिया वाफेवरच पुढं गेली. तर आज तुमचं कृषी खातं कसं असतं?"

"आत्ता आहे तसंच," मी म्हणाले.

ते इतके खूश झाले, की भाडं ठरायच्या आधी किल्ली माझ्या हातात पडली.

'तर कसं असतं?' हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. मी मुळात चौकस, त्यामुळे आमचं जमलं. संध्याकाळी शेतांवरून परत आले की मी दुकानात टेकायची आणि त्यांना खोडी काढल्यासारखं विचारायची, "काका, वाफेवरचा मोबाइल असता तर कसा असता?"

"जरासा मोठा. कमरेला बांधावा लागला असता. पण फोन आला की शिट्टी! अन् चार्जिंगला लाइटीची वाट बघायची गरज न्हाई. मूठभर कोळसा टाकला की झालं."

तेवढ्यात लाइट गेली. मानवतची लाइट कायम त्यांच्या बाजूने असायची.

या शौकाला स्टीमपंक म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. ते 'इष्टीमपंक' म्हणत. मोबाइलवर ते मला इंग्लंडातल्या जत्रा दाखवत. बायका घेरदार झग्यात, पुरुष उंच टोप्यांत, कुणाच्या दंडाला तांब्याच्या नळ्या, कुणाच्या पाठीवर पितळेचे पंख. थाट सगळा व्हिक्टोरिया राणीच्या काळचा आणि यंत्रं जगात कधीच न झालेली. म्हातारेकोतारे लोक त्यात भान हरपून फिरताना दिसत. काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा सासरी नांदणाऱ्या बाईला माहेरचं कुणी भेटल्यासारखा आनंद असे.

हे वेड आलं कुठून, हेही मी खोदून विचारलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी दुकानात मशीनची एक परदेशी जाहिरात टांगलेली होती. चित्रात कंबर आवळलेली बाई मशीनवर शिवतेय आणि तिच्यामागे टोपीवाला, मिशाळ साहेब उभा आहे. "बाई काम करायलीय, मशीन काम करायलीय," काका सांगायचे. "साहेब काहीच करंना. नुसता हुबा. तरी सगळ्या चित्रात रुबाब त्याचाच! मला लहानपणी लय विचार पडायचा, ह्यो माणूस करतो तरी काय?"

"पण काका, इंग्रजांनी आपल्याला लुटलं आणि तुम्ही त्यांचाच कोट घालता?"

"आमाला कुठं इंग्रजानं लुटलं? आमी निजामात होतो," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण कापूस आपल्याकडूनच गेला म्हणत्यात. कापड होऊन परत आला. त्यातलं एक कोटभर मी ठिवून घेतलं समजा."

तो कोट त्यांनी स्वतः शिवला होता. जाकिटाची मखमल मांडववाल्याच्या जुन्या पडद्याची. टोपीची गोष्ट मात्र काकूंच्या तोंडून ऐकावी. घरात धान्य मापायची एक पितळी पायली होती. काकांनी ती उपडी घालून तिच्यावर कागदाचा लगदा थापला. लगद्याला किडा लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड घातली, आणि वाळल्यावर स्कूटरची सीट शिवणाऱ्याकडून वर काळं रेग्झिन चढवून घेतलं. "माझ्या सासूनं त्या पायलीनं जनमभर दाणं मापलं," काकू म्हणायच्या, "अन् ह्यांनी डोस्कं मापलं!" पायली डोक्याला किंचित कमी पडली होती. टोपी एकदा बसली की घामाने चिकटायची आणि दोन्ही हातांनी उपटल्याशिवाय निघायची नाही. म्हणून काका ती बाजारात कधी काढत नसत. नमस्कार करायचा तर कडेला फक्त बोट लावायचे. उन्हात त्यांच्या जवळून गेलं की मेथीचा वास यायचा.

एकदा ते पेडगावला एका लग्नाला गेले. बँडवाल्यांचा मास्तर आला नव्हता. यांचा पोशाख बघून नवरीच्या मामाने यांच्याच हातात काठी दिली आणि म्हणाला, "चला, लय उशीर झालाय." दुसरा कुणी असता तर भडकला असता. काकांनी काठी फिरवत वरात पारावरून मांडवापर्यंत नेली. परत आले ते वेगळ्याच तंद्रीत. "मॅडम, इंग्रज गेला, राणी गेली," ते म्हणाले. "पण तो झालरीचा कोट कुणी संभाळला? बँडवाल्यानं! आपण त्याला हासतो. खरा इष्टीमपंक तोच हाय."

घर लिंगायतांचं. गळ्यात चांदीच्या डबीवजा चौक्यात इष्टलिंग, सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय चहा नाही. काका कपाळाला भस्माचे पट्टे ओढत आणि मग त्यावर साहेबाची टोपी चढवत. यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि थोड्या दिवसांनी मलाही वाटेनासं झालं.

एकदा मी दुकानात असताना बाजारातून टाळांचा आवाज आला. फुलांनी मढवलेल्या मखरात एक आजोबा ताठ बसले होते. गळ्यात हार, कपाळाला भस्म. चौघांनी मखर खांद्यावर घेतलं होतं आणि मागून भजन चाललं होतं. मला वाटलं, कुणाचा तरी सत्कार असेल. मी हसून बघायला पुढे झाले, तर काकांनी माझा दंड धरून मागे ओढलं आणि दुकानाचं शटर खाली घेतलं. सगळ्या बाजाराची शटरं तशीच खाली येत होती. मयत पुढे जाईपर्यंत धंदा बंद, ही तिथली रीत.

"आमच्यात आडवं व्हायची पद्धत न्हाई," नंतर ते म्हणाले. "बसूनच जायचं. समाधीत बी बसूनच." मग टोपीच्या कडेला बोट लावून म्हणाले, "तिकडं इंग्लंडात मयत दिसली की टोपी काढत्यात. आपल्याकडं उलटं, बोडक्यानं हुबं राहू न्हाई म्हणत्यात. माझी पंचाईत हाय. म्हणून मी आपलं शटर वढतो अन् गप राहतो."

त्यांच्या आई वरच्या मजल्यावर खिडकीशी पलंगावर असायच्या. सगळा बाजार त्यांना माय म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. नवऱ्यामागे त्यांनी हे दुकान चालवलं होतं. गल्ल्यावर बसून सगळ्या पेठेला धाकात ठेवलं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. त्यांना हवं होतं एकच. महाशिवरात्रीला बाजारातून पलीकडच्या टोकाच्या महादेवाला जायचं, जन्मभर गेल्या तसं. पाथरीला दिलेल्या मुलीने चाकाची खुर्ची आणून दिली, तर मायनी ती हाताने ढकलून दिली.

"दवाखान्याची खुर्ची! पेठंतून मला असं ढकलत न्यायचं अन् लोकांनी च्च च्च करायचं? जाईन तर मानानं जाईन. न्हाई तर न्हाई."

बाकीच्यांनी म्हातारीचा हट्ट म्हणून सोडून दिलं. काकांनी नाही सोडलं. राणीच्या काळी आजारी माणसं कसल्या खुर्च्यांतून हवा खायला निघत त्याची चित्रं त्यांनी शोधली आणि दुकानाच्या मागे ठोकाठोक सुरू झाली. मला विचाराल, तर त्यांच्या सगळ्या शौकाला तेव्हा पहिल्यांदा खरं काम मिळालं. दोन मोडक्या पायमशीनच्या जाळीदार लोखंडी बाजू हातांच्या जागी लागल्या. सायकलची चाकं, मखमली गादी, उन्हासाठी वर झालरीचं छत. आणि पाठीमागे एक छोटी शेगडी, तिच्यावर काकूंचा प्रेशर कुकर, त्यातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला पितळी शिट्टी.

"सणासुदीला माझा कुकर!" काकू ओरडल्या.

"शिवरात्रीचा उपास हाय. भात कुठं शिजवायलीस?" काका म्हणाले. 

"काका, खुर्ची वाफेवर चालणार?" मी विचारलं.

"छे! ढकलायची. वाफ नुसती सांगणार, की आमी यायलोय."

शिवरात्रीला माय इरकली नेसल्या. कपाळभर भस्म लावलं, गळ्यात रुद्राक्ष घातले. त्यांना उचलून खाली आणलं आणि खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जाळीवर ठेवून बाजाराकडे अशी नजर टाकली, की जणू पुन्हा गल्ल्यावरच बसल्यात. काका पुढे. मागून ढकलायला गल्लीतली दोन पोरं, मी शेजारून. शिट्टी वाजली, पोरं धावली, फुलवालीने येऊन मायच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. सगळं मनासारखं चाललं होतं.

कापडबाजाराच्या वळणावर पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवला होता. चाकं मातीत रुतली. मागे फिरायचं नाव काढलं, तर माय एवढंच म्हणाल्या, "आले ती देवाला जाऊनच परत जाईन." मागून महादेवाकडेच निघालेलं भजनी मंडळ आलं. काकांनी मांडववाल्याचे दोन वासे आणून खुर्चीखालून घातले, मंडळातल्या चौघांनी खांदा दिला. पुढे काळ्या कोटात काका, मागे खांद्यावर छताखाली बसलेली हार घातलेली माय, तिच्यामागे टाळ. शेगडी विझत आली होती, म्हणून शिट्टी गप्प. उपासाने आणि झोक्याने मायची हनुवटी छातीला टेकली.

मला ते दृश्य सुंदर वाटत होतं. पहिलं शटर पडलं तेव्हाही काही कळलं नाही. मग दुसरं पडलं, तिसरं पडलं, आणि मला त्या दिवशीचे मखरातले आजोबा आठवले. 

काका मात्र पुढे होते. लोक दुकानं बंद करून, पायरीवर येऊन, हात जोडून उभे राहताहेत, एवढंच त्यांना दिसत होतं. आपल्या आईचा मान! ते दोन्ही बाजूंना टोपीला बोट लावत, हसत चालले होते. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "धक्का बसलाय बिचाऱ्याला. हासायलाय बघ." कुणीतरी पाथरीला फोनसुद्धा लावला. मी "काका, काका" म्हणत पुढे धावले, पण टाळांत माझं कोण ऐकतंय! तेवढ्यात तेलाच्या दुकानातल्या बाईने हंबरडा फोडला, "माय, न सांगता गेलीस गं!"

आणि वाऱ्याने शेगडी फुलली. कुकरची शिट्टी झाली.

टाळ थांबले. मायनी डोळे उघडले. खाली आलेली शटरं पाहिली, जोडलेले हात पाहिले, तेलवालीचे डोळे पाहिले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"

 तेलवाली पदराने नाक पुसत म्हणाली, "माय... तुमीच."

खांदा दिलेल्यांपैकी एकाने दचकून खांदाच काढला. खुर्ची कलंडली. "नीट धरा, मुडद्यांनो!" माय ओरडल्या.

हसू आलं ते नंतर, इतरांना. त्या दिवशी जाणत्यांनी सांगितलं, जितं माणूस असं मिरवलेलं, अपशकुन झाला, घरी नेऊन आंघोळ घाला. महादेव राहिलाच. पाथरीची लेक जीपमधून रडत आली आणि आईला जिवंत बघून भावावर तुटून पडली. "तुझ्या सोंगापायी मायची मयत काढलीस!" जंगम स्वामी येऊन पूजा करून गेले. काका सगळ्यांसमोर मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते पांढरा सदरा घालून दुकानात आले. तिसऱ्या दिवशीही तेच. टोपी माळ्यावर गेली. बाजारात लोक त्यांना नावाने हाक मारू लागले, आणि मला ते ऐकवेना. एका संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, "काका, वाफेवरचा ट्रॅक्टर असता तर कसा असता?"

"काय असता मॅडम," बॉबिनमधला दोरा काढत ते म्हणाले. "असाच असता."

मला इतकं वाईट वाटलं, की मी जेवले नाही. मायना सांगायला गेले, तर त्या भलत्याच खुशीत होत्या.

"वळणावरल्या कापडवाल्यानं शटर अर्धंच वढलं," त्या म्हणाल्या. "आत गिऱ्हाईक चालू ठिवलं मेल्यानं. त्याच्या बापाला मी उधारीवर मशीन दिलती. अन् तेलवाली, जिच्याशी मी जनमभर भांडले, तीच रडली बघ."

"पण माय, तुम्ही तर झोपला होतात!"

"व्हते की. शटरांच्या आवाजानं उठले. म्हणलं, बघावं जरा, कोण कोण यायलंय." त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.

मग त्यांनी काकांना वर बोलावलं. "लोकं मेल्यावर बघत्यात म्हणं. म्या जित्तेपणी बघितलं. कुणामुळं? तुझ्यामुळं. अन् तू तोंड लपवून बसायलास?"

"माय, लोकं काय म्हणत्याल..."

"लोकांचं मला सांगू नको. महादेव राहिलाय माझा. सोमवारी जायचंय. टोपी काढ माळ्यावरली."

सोमवारी गेलो. या वेळी कोळसा भरपूर घेतला होता आणि काकू स्वतः शेगडीला वारा घालत मागून चालत होत्या, कारण मायची अट होती की शिट्टी थांबता कामा नये. वळणावर पुन्हा वासे, पुन्हा खांदे, पण शिट्टी चालूच. लोक पायरीवर आले. एकही शटर हललं नाही. कापडवाला गल्ल्यावरून उठून उभा राहिला. देवळाच्या दारात मायनी हात जोडले. काका टोपीखाली रडत होते.

मग दर सोमवारी ती स्वारी निघू लागली. शिट्टी वाजायलीय तवर माय जित्ती, असं पेठेत म्हणायची पद्धत पडली. काका पुन्हा लाटसाहेब झाले. वाफेवरच्या ट्रॅक्टरचं उत्तर मला चार संध्याकाळी पुरलं.

पुढे माझी बदली परभणीला झाली. दोन हिवाळे गेले. एका सकाळी काकूंचा फोन आला. "ये, मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या.

मी पोहोचले तेव्हा माय खुर्चीत बसवलेल्या होत्या. तेच छत, तीच जाळी, झेंडूचा हार. मी पायांना हात लावला. पाठीमागची शेगडी आणि कुकर काढून ठेवलेले होते. काका सदऱ्यावर निघाले होते. काकूंनी आतून कोट आणि टोपी आणली. "घाला," त्या म्हणाल्या. "तिला तसंच ठावं हाय."

स्वारी बाजारात शिरली. पुढे काका, मागे चौघांच्या खांद्यावर माय, मागे टाळ. लोक पायरीवर आले. बातमी सगळ्यांना कळली होती, कळली नव्हती असं कुणी नव्हतं. पण एकही शटर खाली आलं नाही. सगळे मायच्या तोंडाकडे बघत उभे होते. काहींच्या ओठांवर तर हसू येऊ घातलं होतं. तेलवाली गालाला हात लावून वाट बघत होती. खरं सांगायचं, तर मी पायांना हात लावला होता, पाय गार होते, तरी मीही शिट्टीचीच वाट बघत होते.

कापडबाजाराच्या वळणावर काका थांबले. मागे वळले आणि आईकडे बघत राहिले. मग दोन्ही हात डोक्याकडे नेले. टोपी निघेना. त्यांनी जोर लावला, ती सुटली, आणि मेथीचा वास आला. विस्कटलेले पांढरे केस, कपाळावर लाल वळ, त्यात पुसटलेलं भस्म. त्यांना पेठेत टोपी काढताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. टोपी छातीशी धरून ते उभे राहिले.

कापडवाल्याने मागे वळून शटरला हात घातला, आणि ते पार खालपर्यंत ओढलं.